चौथी पायरी

हिल्केच्या घराला तीन पायऱ्या आहेत.
आजोबांनी बांधलं तेव्हा एकही नव्हती,
उंबरठा ओलांडला की थेट गवत.
घर उभं आहे खोल रोवलेल्या लाकडी खांबांवर,
ते जागचं हललं नाही.
जमीन खाली बसत गेली,
दर पंचवीसेक वर्षांनी एक पायरी.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात.
इथं, फ्रीसलँडच्या या सपाट कुरणात,
ती सरकत नाही.
उडून जाते.

महिन्यातून दोनदा मी येते,
कमरेइतकी पारदर्शक पेटी गवतावर उपडी ठेवते,
नळी जोडते, घड्याळ लावते.
उजेडात आकडे उतरतात : गवत हवा पीत असतं.
मग पेटीवर काळं कापड टाकते.
गवताला वाटतं रात्र झाली,
ते प्यायचं थांबतं,
आणि तीन मिनिटं
जमीन एकटीच बोलते.

काळी, स्पंजासारखी माती.
मुठीत पिळली तर अजूनही
बोरूची एखादी काडी सबंध निघते,
हजार वर्षांपूर्वी वाकलेली, सडायची राहून गेलेली.
पाण्यात होती तोवर टिकली.
मग चर खणले, पंप बसवले,
पाणी समुद्राकडे हाकललं
आणि त्याच्या जागी हवा शिरली.
तेव्हापासून हे कुरण जळतंय.
धूर नाही, ज्वाळा नाही,
वर साठ गाई शांतपणे चरतात.

हिल्के कुंपणाच्या खांबावर कॉफीचा कप ठेवून विचारतो,
"आज किती?"
दुधाचा भाव विचारावा तसं.
एकदा म्हणाला, "यातलं गाईंचं किती?"
"गाईंचं वेगळं मोजतात. हे निव्वळ जमिनीचं."
त्याला साठही गाईंची नावं पाठ आहेत.
जमिनीला तो नुसतं 'मागचं' म्हणतो,
'पुढचं', 'चराकडचं'.
त्या दिवशी कॉफी गवतावर ओतून निघून गेला.

त्याची आई चित्स्के खिडकीतून ओरडली होती मला,
"त्या पंपानं चार पिढ्या जेवल्या, पोरी!"
खरं होतं.
माझ्या पेटीत तो आकडा येत नाही.

एप्रिलमध्ये त्यानं सिमेंट आणलं, तीन गोण्या,
चौथ्या पायरीसाठी.
त्याच आठवड्यात 'मागच्या' तुकड्यात
मी पाण्याची नळी तपासली :
पाणी साठ सेंटिमीटर खाली असायचं,
आता वीतभर.
चरात एक फळी आडवी.
"पडली असेल," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

उन्हाळ्यात रेघ पूर्वीइतकी चढली नाही.
पण कोपऱ्यातल्या खोलगट जागी, जिथं पाणी वरच साचलं,
तिथं बुडबुडे दिसले. मिथेन.
तेही सांगावं लागलं.
"म्हणजे हेही चुकलंच?"
"चुकलं नाही. फळी दोन बोटं उतरव."
तो फळीकडे बराच वेळ बघत राहिला,
पहिल्यांदाच शिवण हातात घेतलेल्या माणसासारखा.

ट्रॅक्टर रुतला. शेजारचा दाउवे दोर घेऊन आला,
ओढून काढेपर्यंत हसत राहिला,
मग जाताना हळूच विचारलं,
फळी कुठल्या लाकडाची?

दूध थोडं घटलं. टिटव्या आल्या.
दोन्ही गोष्टी हिल्केनं एकाच वहीत लिहिल्या.

गोण्या गोठ्यातच राहिल्या.
शरदाच्या ओलीनं सिमेंट आतल्या आत घट्ट झालं,
कागद फाडला तर गोणीच्याच आकाराचे तीन दगड.
त्यानं एक दारापाशी आणून टाकला.
चित्स्के त्यावर बसते.
पायरी नाही, ती बजावते, बाक आहे.

आज मी पेटी ठेवली, कापड टाकलं,
वाकून घड्याळ बघत होते,
तेव्हा मागून तिचा आवाज आला,
दहा वर्षांत पहिल्यांदा :
"आज किती?"

थांबा आजी,
अजून एक मिनिट आहे.